हलकी गाडी, कडक दांडा आणि न वळणारे नाक

शर्यतीची गाडी जमिनीला टेकलेली आणि दगडासारखी कडकच असली पाहिजे, अशी समजूत इंदूरच्या गॅरेजांपासून अभियांत्रिकीच्या कार्यशाळांपर्यंत पक्की रुजलेली आहे. वाहनांविषयी आपल्या शहरात कुतूहल मोठे आहे आणि त्याला कारणही आहे. जवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची संस्था आहे, तेथील ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला, आणि विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांची बाहा स्पर्धा पिथमपुरात अनेक वर्षे भरत आली आहे. त्यामुळे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी स्प्रिंग आणि दांड्यांची रचना, हा शब्द येथील मुलांना नवा नाही. मात्र सस्पेन्शन कडक केले की पकड वाढते हे गृहीतक तपासून पाहिले जात नाही.

माझा भाचा आणि त्याचे मित्र सध्या एक छोटी, उघड्या चाकांची, एका माणसाची गाडी बांधत आहेत. गाडी २३० किलोची आहे आणि ७० किलोचा चालक धरून ३०० किलो भरते. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून त्यांनी विद्यार्थी-स्पर्धांमधील स्किडपॅडचे वर्तुळ आखले. या चाचणीत आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर असतो आणि गाडीला ३ मीटर रुंदीच्या पट्ट्यातून गोल फिरायचे असते. वेग वाढवताच गाडीचे नाक बाहेरच्या शंकूंकडे जाऊ लागले. सुकाणू कितीही फिरवले तरी गाडी वळेना. ती झुकते म्हणून असे होत असावे, असा निष्कर्ष काढून मुलांनी पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळाचा दांडा, अधिक जाड बसवला. झुकणे कमी झाले, पण नाक पूर्वीपेक्षाही अधिक बाहेर जाऊ लागले. तेव्हा भाच्याने मला विचारले, “मामा, कडक केल्यावर उलट कसे झाले?”

या प्रश्नाचे उत्तर टायरच्या रबरात आहे. घर्षणबल हे पृष्ठभागावर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात वाढते आणि घर्षणांक स्थिर असतो, असे आपण शाळेत शिकतो. लाकडाच्या ठोकळ्यासाठी हे ठीक आहे, परंतु रबर या नियमाला पूर्णपणे जुमानत नाही. रबर मऊ असल्यामुळे ते रस्त्याच्या सूक्ष्म उंचवट्यांभोवती दाबून बसते, आणि जो खरा स्पर्श घडतो तो या असंख्य सूक्ष्म ठिकाणीच घडतो. भार वाढवला की ही ठिकाणे वाढतात, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाहीत, कारण आधीच दाबलेल्या रबराला आणखी दाबून नवा स्पर्श मिळवणे उत्तरोत्तर कठीण होत जाते. म्हणून टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी वाढते. शर्यतीच्या गाडीचे संतुलन फार मोठ्या प्रमाणात या एका गुणधर्मावर उभे आहे, आणि मला स्वतःला वाहनशास्त्रातील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता वळणावर काय होते ते आकड्यांत पाहू. गाडी गुरुत्वत्वरणाच्या १.२ पट आडवे त्वरण घेत असेल, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असेल आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १२० सेंटिमीटर असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ३०० गुणिले १.२ गुणिले ०.३० भागिले १.२०, म्हणजे ९० किलो भार सरकतो. या गणितात स्प्रिंगचा कडकपणा कोठेही आलेला नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. गाडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो खरा, पण त्याने दोन-तीन किलोंचाच फरक पडतो. स्प्रिंग आणि दांडे या ९० किलोंची पुढच्या व मागच्या चाकांमध्ये वाटणी ठरवतात. दोघांनी एक लांब फळी दोन टोकांना धरली असेल आणि तिसरा मधोमध तिला पिळत असेल, तर जो घट्ट धरतो त्याच्याच मनगटावर पीळ येतो. त्याचप्रमाणे गाडीचे पुढचे किंवा मागचे जे टोक कडक, ते सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा उचलते.

उभ्या गाडीत प्रत्येक चाकावर ७५ किलो भार आहे असे धरू, आणि टायरचा घर्षणांक १.५ पासून प्रत्येक किलो भारामागे ०.००२५ ने घटतो असे उदाहरणापुरते मानू. बलही सोयीसाठी किलोतच मोजू. पुढच्या दोन चाकांना त्यांच्या वाट्याचे १५० किलो वळवण्यासाठी १८० किलोंचे आडवे बल लागते. भार सरकलाच नसता तर ती १९७ देऊ शकली असती. वाटणी समान झाली, म्हणजे पुढे ४५ आणि मागे ४५ किलो सरकले, तर बाहेरच्या चाकावर १२० आणि आतल्यावर ३० किलो येतात. बाहेरचे चाक १४४ आणि आतले ४३ किलो पकड देते, म्हणजे एकूण १८७. गाडी वळते. आता पुढचा दांडा जाड करून पुढे ६० आणि मागे ३० अशी वाटणी केली, तर पुढच्या बाहेरच्या चाकावर १३५ आणि आतल्यावर १५ किलो राहतात. पकड होते १५७ अधिक २२, म्हणजे १७९. गरज मात्र १८० ची आहे. मागची चाके त्याच वेळी १३० अधिक ६२, म्हणजे १९२ किलो देऊ शकतात. मागे पकड शिल्लक आहे आणि पुढे संपली आहे, आणि नाक बाहेर जाते ते याचमुळे. बाहेरच्या चाकाने जे मिळवले त्यापेक्षा आतल्या चाकाने अधिक गमावले, एवढाच या सगळ्या आकड्यांचा अर्थ आहे.

मुलांनी पुढचा दांडा काढून टाकला आणि त्याच वर्तुळात गाडी वळू लागली. ती पूर्वीपेक्षा अधिक झुकत होती आणि तरीही अधिक पकडत होती, हे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मी विसरणार नाही. तत्पूर्वी एका मुलाने गाडीला नजर लागली असे सांगून पुढच्या आडव्या नळीला लिंबू-मिरची बांधली होती, आणि दुसऱ्याने परदेशी गाडीचे शॉक अॅब्सॉर्बरचे आकडे इंटरनेटवरून उतरवून जसेच्या तसे लावले होते. मला या दोन्ही कृती एकाच जातीच्या वाटतात, कारण दोन्हींत कारण शोधण्याआधी उपाय केला जातो. शॉक अॅब्सॉर्बरचे बल चाकाच्या वरखाली होण्याच्या वेगावर अवलंबून असते, त्यामुळे स्थिर वेगाने गोल फिरणाऱ्या गाडीत, जमीन सपाट असेल तर, त्याचे काम जवळजवळ शून्य असते. वळणात शिरताना आणि बाहेर पडताना, म्हणजे भार सरकत असतानाच्या त्या अर्ध्या सेकंदात, ते महत्त्वाचे ठरते.

याचा अर्थ सस्पेन्शन हवे तितके मऊ करावे असा नाही. झुकण्याबरोबर चाकेही जमिनीशी तिरकी होतात आणि टायर एका कडेवर उभा राहतो. शिवाय हलक्या गाडीत चालकच एकूण वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा असतो. ५५ किलोच्या जागी ८० किलोचा चालक बसला तर गाडीची उंची आणि चारही चाकांवरचा भार बदलतो, जे १२०० किलोच्या घरगुती मोटारीत जाणवतही नाही. म्हणून चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, चालकाला आत बसवूनच मोजमाप करावे लागते. एका स्प्रिंगची बैठक थोडी वर फिरवली की पाय लहान-मोठे असलेल्या चौरंगासारखी गाडी कर्णरेषेतल्या दोन चाकांवर अधिक टेकते, आणि मग ती डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरेच वागते.

दांडा काढल्यानंतर आम्ही पुढच्या टायरच्या पृष्ठभागाचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजले. बाहेरची कड स्पष्टपणे अधिक गरम होती, म्हणजे झुकल्यावर टायर बाहेरच्या कडेवर घासला जात होता. आता मुले चाकांचा वरचा भाग आत कलता ठेवून, एका वेळी अर्धा अंश बदलून, तेच वर्तुळ पुन्हा फिरणार आहेत आणि प्रत्येक फेरीनंतर तापमानाची नोंद वहीत करणार आहेत.