स्वे बार का ट्रॅक बार: गाडी झुकतेय का सरकतेय?

अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेतलेल्या माणसाचं पहिल्या लाँग ट्रिपनंतरचं रडगाणं ठरलेलं, "गाडी जाम स्वे होते". या शब्दानेच घोळ होतो, कारण वळणावर गाडी कलली तरी स्वे, आणि सरळ हायवेवर बाजूने ट्रक गेल्यावर मागची बाजू हलली तरी स्वेच, मग शॉपवाला सरळ जाडा स्वे बार टाकून देतो. मला पण टाकून दिला. घाटात फरक पडला, वरच्या कपाटातल्या स्टीलच्या वाट्या वाजायच्या थांबल्या, पण वायोमिंगमध्ये आय-८० हायवेवरच्या वाऱ्यात स्टिअरिंगशी कुस्ती तशीच चालू!

स्वे बार म्हणजे इंग्रजी यू सारखा वाकवलेला स्टीलचा दांडा, एक्सल आणि चेसीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) मधे बसतो. गाडी एका अंगाला झुकली की त्याला पीळ बसतो आणि तो पीळ झुकणं आवरतो. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर पीळ नाही, म्हणजे काम पण नाही. जाडीचं गणित भारी आहे, कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे सव्वा इंचाचा दीड इंच केला तर दुपटीच्या थोडा वरच जातो. फोर्डच्या मोटरहोमसाठीच्या एफ-५३ चेसीवर बऱ्याचदा दांड्याच्या टोकाला दोन भोकं असतात, लिंक, म्हणजे ते टोक जोडणारी छोटी सळई, आतल्या भोकात घातली की तोच बार कडक होतो, खर्च जवळपास शून्य. आधी हे करून बघा, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

ट्रॅक बार, म्हणजेच पॅनहार्ड रॉड, अगदी साधा प्रकार. आडवी सळई, एक टोक एक्सलला आणि दुसरं पलीकडच्या बाजूला चेसीला. पीळबीळ काही नाही, एक्सलच्या डोक्यावर बॉडीला आडवं सरकू द्यायचं नाही एवढंच. आता याची गरज का, तर या गाड्यांना आपल्या ट्रकसारखे पाटे असतात, आणि पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी), सांध्यातले रबरी बुश हे सगळं बाजूला थोडं थोडं देतं. मोठा ट्रक ओव्हरटेक करताना त्याची हवा आधी तुम्हाला बाहेर ढकलते मग आत ओढते, तेवढ्यात बॉडी मागच्या एक्सलवर इकडून तिकडे जाते आणि मागून दुसराच कोणीतरी स्टिअरिंग फिरवतोय असं वाटतं. बार जितका लांब आणि आडवा तितका चांगला, कारण आखूड आणि तिरका असेल तर खड्ड्यात तोच एक्सलला बाजूला ओढतो.

तपासायला सोपं आहे. गाडी उभी करा, एकाने मागच्या कोपऱ्याला खांदा लावून आडवं ढकलत-सोडत राहायचं, दुसऱ्याने मागच्या टायर आणि चेसीमधलं अंतर बघायचं. आमच्या गाडीत ते डोळ्याला दिसेल एवढं कमीजास्त होत होतं, म्हणजे रोग सरकण्याचा आणि औषध झुकण्याचं. अर्थात दोन्हीच्या आधी ट्रक स्टॉपवर वजन करून टायरची हवा त्या वजनाप्रमाणे भरा आणि अलाइनमेंट करून घ्या, हे न करता पार्ट घेणं म्हणजे पैशाचा चुराडा.

शेवटी मागे ट्रॅक बार बसवला, आता ट्रक गेला तरी एका हाताने चहा धरता येतो. पण पेट्रोल पंपात तिरकं चढताना गाडी डावीउजवीकडे आधीपेक्षा जास्त आपटते, ती त्या जाड्या स्वे बारची कृपा, एक चाक उचललं की तो दुसऱ्या बाजूलाही हिसका देतो.