अमेरिकेत बंदूक कुणालाही सहज मिळते?

'अमेरिकेत दुकानात जा, पैसे टाका, बंदूक घेऊन या' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो, ओळखपत्र बघावं लागतं आणि सहसा तिथल्या तिथे गुन्ह्यांची नोंदही तपासावी लागते. पिस्तुलाला वय २१, रायफलला १८. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या पोरांना तर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद असल्याशिवाय बंदूक घेताच येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना येते.

मग हा समज आला कुठून? खासगी विक्रीतून. धंदा म्हणून न विकणाऱ्याने आपल्याच राज्यातल्या कुणाला बंदूक विकली, तर केंद्रीय कायदा तपासणीची सक्ती करत नाही. काही राज्यं मात्र करतात. पळवाट आहे ती इथे.

फॉर्म इंटरनेटवर आहे, त्यातले प्रश्न वाचा. राज्याचा कायदा वेगळा बघावा लागेल.