दार आतून बंद, अंगण सारवलेलं: घरातल्या दुहेरी खुनानंतर गावाच्या शंका कुठून येतात

कापसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात एकाच घरात दोन मुडदे सापडले की तेरवीच्या आत पारावर चार प्रश्न हमखास येतात. कुत्रं काहून भुकलं नाही? कडी आतून होती तर मारणारा गेला कुठून? सकाळी सकाळी अंगण कोणी सारवलं? आणि पोलीस आधी ‘मर्ग’ म्हणत होते, तर तिसऱ्या दिवशी त्याचा खून कसा झाला? तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करताना मी हे प्रश्न इतक्यांदा ऐकले, की एखाद्या गावात पाचवा प्रश्न निघाला तर वही काढावीशी वाटायची. गाव उगाच बोलतं, असं मात्र मी म्हणणार नाही. या शंकांना इथल्या घरांचा, हवेचा आणि ठाण्यातल्या कागदांचा जुना आधार आहे.

आधी ‘मर्ग’चं बघू. हा फारसी शब्द, अर्थ मृत्यू. पुण्याकडे ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, आपल्याकडे विदर्भात आणि मध्य प्रदेशात आजही मर्ग दाखल होतो. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या दप्तराची ही शिल्लक आहे, १९५६ साली विदर्भ तिथून निघाला तरी कागद निघाले नाहीत. मर्ग म्हणजे पोलिसांचा निष्कर्ष नसतो. मृत्यू कशाने झाला ते ठरायचं आहे, एवढंच तो सांगतो. विषाचा वास आहे, अंगावर उघडी जखम नाही, अशा प्रकरणात पोस्टमार्टमचा अहवाल येईपर्यंत ठाणेदार मर्गवरच थांबतो आणि मग खुनाचं कलम लागतं. हे कलम पूर्वी ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. गावाला मात्र दिसतं ते असं: आधी दाबायला निघाले होते, वरून फोन आला तेव्हा उघडलं. असं कधीच होत नाही असं कोण म्हणेल? पण मर्गचा नुसता कागद त्याचा पुरावा होत नाही.

सारवलेल्या अंगणाचा प्रश्न जास्त अवघड आहे. एका गावात मी पंचनाम्याच्या वेळी कुंपणापाशी उभा होतो. म्हातारा-म्हातारी दोघंही आतल्या खोलीत. बाहेर अंगणात ताजा, ओलसर शेणसडा, हाताच्या बोटांच्या कमानी स्पष्ट उमटलेल्या. ओसरीवरचा तांब्या घासून पालथा घातलेला. श्वानपथकाचं कुत्रं त्या सड्यापर्यंत आलं, दोनदा गोल फिरलं आणि बसलं. मागे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, “पाह्यलं? तिथंच थांबलं.” त्या क्षणापासून सून गावाच्या लेखी आरोपी झाली. तिने सांगितलं ते साधं होतं: पहाटे उठले, रोजच्यासारखा सडा टाकला, गुरांना वैरण टाकली, मग चहाला उठवायला आत गेले. ज्या घरात दिवस सड्याने उजाडतो तिथे हे खरं असू शकतं. पुरावा पुसायचा असेल तरीही सडाच टाकला जाईल. दोन्ही शक्यता एकाच शेणात.

घटनास्थळ राखायचं कोणी, हा प्रश्नही जुनाच. वऱ्हाडात वतनदार पाटील आणि त्याचा कोतवाल गुन्ह्याची खबर ठाण्याला कळवायचे, कोतवाल पायी निघायचा. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरा संपवली आणि मानधनावरचा पोलीस पाटील आणला. गुन्ह्याची माहिती ठाण्याला देणं हे त्याचं काम. पण तो पोहोचेपर्यंत अर्धं गाव खोलीत जाऊन आलेलं असतं. कोणी डोळे मिटवतं, कोणी अंगावर चादर टाकतं, एखादी म्हातारी गळ्यातली पोत सरळ करते. माणुसकी म्हणून केलेलं हे सगळं पुढे पंचनाम्यात ‘मृतदेह चादरीने झाकलेल्या स्थितीत’ असं उतरतं आणि वकील विचारतो, मारणाऱ्याने चादर का घातली?

आता वेळ. अशा प्रकरणातल्या निम्म्याअधिक विसंगती वेळेच्या असतात, कारण तिथे तीन घड्याळं चालू असतात. पहिलं गावाचं. ‘लाइन आली तेव्हा’, ‘शेवटची एसटी गेल्यावर’, ‘जागलीवरून परतलो तेव्हा’. कृषिपंपाची वीज रात्री असली तर माणूस मध्यरात्री ओलिताला जातो. रोही आणि रानडुकरांमुळे राखणीला शेतातच झोपतो. त्याची ‘रात्र’ आणि तपास अधिकाऱ्याची ‘रात्र’ एक नसते. शेजारी नऊ म्हणतो, चुलत भाऊ अकरा म्हणतो, आणि कोणी खोटं बोलत नसतं. १९८३ साली गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं: लोक वेळ अंदाजाने सांगतात, प्रत्येकाची काळाची जाण वेगळी, साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणाची अपेक्षा धरू नये.

दुसरं घड्याळ डॉक्टरचं, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ते फार भरवशाचं राहत नाही. मेल्यानंतर शरीर थंड होत जातं, त्यावरून वेळ काढतात. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम. मुडदा थंड होणार कसा? अंगाचा ताठरपणाही उष्म्यात लवकर येतो आणि लवकर उतरतो. त्यामुळे अहवालात ‘अंदाजे’ असं लिहून बऱ्याच तासांची मोकळीक ठेवलेली असते, आणि त्या मोकळिकीत गावातला कोणताही माणूस बसवता येतो. त्यातच पोस्टमार्टमला उशीर होतो. सूर्यास्तानंतरही पोस्टमार्टम करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार आणि संशयास्पद मृत्यू त्यातून वगळले. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच रात्री करायचं. म्हणजे संध्याकाळी सापडलेले दोन मृतदेह ग्रामीण रुग्णालयात रात्रभर पडून राहणार हे नियमानेच ठरलेलं. बाहेर झाडाखाली बसलेले नातेवाईक त्याचा अर्थ ‘सेटिंग चालू आहे’ असा लावतात. दाराशी कोणी येऊन दोन वाक्यांत नियम सांगत नाही, त्यामुळे त्यांना तरी दोष कसा द्यावा.

तिसरं घड्याळ ठाण्याच्या कागदाचं. फिर्याद किती वाजता नोंदवली, तिची प्रत न्यायदंडाधिकाऱ्याकडे कधी गेली, पंचनामा कधी सुरू झाला. फिर्यादीला उशीर झाला की तिला तिखटमीठ लागण्याची शक्यता वाढते, असं सर्वोच्च न्यायालय १९७२ पासून सांगत आलं आहे. या घड्याळाकडे गाव सर्वांत कमी बघतं, आणि माझ्या मते बघण्यासारखं तेवढं एकच आहे. शेजाऱ्याचे नऊ-अकरा समजून घेता येतात. पंचनामा दुपारी एकला सुरू झाला आणि जप्तीच्या कागदावर साडेबारा लिहिलं असेल, तर तिथे ‘काळाची जाण’ चालत नाही.

ठाण्याच्या म्हणण्यावरचा गावाचा भरवसा कुठे उडाला, ते पाहायचं तर खैरलांजी. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे असे चौघे मारले गेले, बाप तेवढा वाचला. हे प्रकरण बंद दाराआडचं नव्हतं. जमावाने, गावादेखत केलेलं होतं. तरीही पहिले काही आठवडे बाहेर जी कथा फिरली ती अनैतिक संबंधांची होती. जमिनीच्या आणि रस्त्याच्या वादाचं, जातीचं, आधी झालेल्या मारहाणीत या मायलेकींनी दिलेल्या साक्षीचं नाव कोणी घेत नव्हतं. पोलिसांची सुरुवातीची ढिलाई आणि पहिलं शवविच्छेदन यांवर लोकांनी बोट ठेवलं, नोव्हेंबरमध्ये नागपूर-अमरावतीपासून राज्यभर मोर्चे निघाले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती बदलून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. तेव्हापासून विदर्भातल्या माणसाला ‘पोलिसांचं पहिलं म्हणणं’ आणि ‘खरं’ या दोन गोष्टी वेगळ्या धरायची सवय लागली. ती सवय कमावलेली आहे, उधारीची नाही. पण त्याच प्रकरणात पारावरची कथाही तितकीच खोटी निघाली होती, हे मात्र सोयीने विसरलं जातं.

पारावरच्या कथांचे साचे ठरलेले आहेत. दोन मुडदे, त्यात एक बाई असेल तर संबंध. म्हातारं जोडपं असेल तर धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद किंवा वाटणी. घर जुनं वाड्याचं असेल, कोपऱ्यात उकरलेली माती दिसली, तर गुप्तधन आणि करणी. हा शेवटचा साचा हवेतून आलेला नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते ७४ दरम्यान जे खून झाले त्यांच्या मुळाशी गुप्तधनच होतं, आणि २०१३ साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला तोही अशाच अनुभवांवरून. मात्र कोपऱ्यातली माती बहुतेक वेळा घुशीने उकरलेली असते.

कधी गावाची कल्पना वास्तवापुढे तोकडीही पडते. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यात, महागावात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकाच कुटुंबातली पाच माणसं वीसेक दिवसांत गेली. प्रत्येकाचं दुखणं थोडंफार सारखं, मुंग्या, कंबरदुखी, काळे पडलेले ओठ. शेवटी पोलिसांनी जड धातूच्या विषप्रयोगाचा आरोप ठेवून नात्यातल्याच दोन बायकांना अटक केली. थॅलियम या विषारी धातूचं नाव तोवर अहेरीच्या बाजारात कोणी ऐकलं असेल?

घरातलाच माणूस संशयात का येतो, याला कायद्याचीही बाजू आहे. जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत असू शकते तिचा खुलासा तुम्ही करायचा, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०६. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमात १०९ आहे. बंद घरातल्या खुनात आत असलेल्याने पटेल असं उत्तर द्यायला हवं, असं २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण आधी सरकार पक्षाने आपल्या पुराव्यांची साखळी उभी करायची असते, हा भाग पारावर पोहोचत नाही. नोएडातल्या २००८ च्या आरुषी तलवार दुहेरी हत्याकांडात मुलगी घरात मृत सापडली आणि पहिल्या दिवशी पोलिसांनी घरगड्याला फरार खुनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह त्याच घराच्या गच्चीवर सापडला. गच्चीचं कुलूप आदल्या दिवशी कोणी तोडलं नव्हतं. पुढे मुलीच्या आईबापांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. आमच्याकडच्या धाब्याच्या घरांवर चढायला बाहेरून शिडी असते, कुलूप नसतं, एवढाच फरक.

राहिलं हत्यार, म्हणजे कुऱ्हाड. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, आरोपीने दाखवल्यावरून जी वस्तू सापडली तेवढा भाग चालतो. म्हणून प्रत्येक खटल्यात आरोपी ‘स्वखुशीने’ कुऱ्हाड काढून देतो, आणि ती नेमकी ज्या कोठ्यात पोलीस आधी दोनदा फिरून गेले तिथल्याच कुटाराखाली निघते. गाव हसतं. पंच म्हणून सही करणाराही गावातलाच, ठाण्याजवळ टपरी चालवणारा किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करतो आणि चार वर्षांनी कोर्टात म्हणतो, “साहेब, मी वाचलं नाई, त्यायनं सही कर म्हटलं.” पंच फितूर.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं, हेही आलं. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चित्रीकरण ‘ई-साक्ष्य’ नावाच्या ॲपवर होतं, त्यात जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. मोबाइलची ती वेळ एक आणि हाताने लिहिलेल्या पंचनाम्याची वेळ दुसरी, असं निघालं की आरोपीचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवणार. आता घड्याळं चार झाली आहेत.