व्हिसाची मेडिकल : गोळ्या बंद करू नका

“मेडिकलच्या आधी बीपी-शुगरच्या गोळ्या थांबवा, आजार कळला की व्हिसा गेलाच,” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही. गोळ्या सोडल्या की रक्तदाब चढतो, लघवीत साखर उतरते. मग आणखी तपासण्या मागे लागतात आणि अर्ज रखडतो. औषधांनी आटोक्यात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब हे सहसा नकाराचं कारण नसतं.

या तपासणीचा मुख्य रोख क्षयरोगावर असतो, म्हणून छातीचा एक्स-रे. त्यात संशयास्पद डाग दिसला तर बहुधा थुंकीचे ३ नमुने घेतात, आणि कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, अहवाल यायला ८ आठवडेही लागू शकतात. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झाला असेल, तर जुने एक्स-रे आणि उपचार पूर्ण केल्याचा दाखला आवर्जून न्या. डाग वाढलाय की तसाच आहे, हे जुन्या एक्स-रेशी ताडूनच कळतं. थुंकीची तपासणी त्याने टळेलच असं मात्र नाही. अमेरिकेपुरती तरी एचआयव्हीची भीतीही जुनी आहे. तिथे २०१० मध्येच तो प्रवेशबंदीच्या आजारांतून वगळला गेला.

खरा घोळ लपवाछपवीने होतो. खोटी माहिती उघड झाली, तर तेवढ्यावरूनच अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तपासणारे डॉक्टर अहवाल देतात, निर्णय व्हिसा अधिकारी घेतात.

पासपोर्ट, चष्मा, लसीकरणाच्या नोंदी आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. गरोदर असाल तर एक्स-रेच्या आधीच सांगा.