रोमला निघण्याआधी: तिकिटावर नाव पासपोर्टसारखंच का लागतं

"टूरचे पैसे भरले, मग कलोसियमची तिकिटं का दाखवत नाही?" रोमच्या प्रत्येक ग्रुपमध्ये कुणी ना कुणी हे विचारतंच. कारण साधं आहे. या प्राचीन रोमन रंगमंडलाची सामान्य पर्यटकांसाठीची तिकिटं भेटीच्या 30 दिवस आधी विक्रीला येतात. त्याआधी आमच्या हातातही काही नसतं.

विक्री सुरू झाली की सकाळच्या चांगल्या वेळा भराभर संपतात. आम्ही तयारीत बसलेलो असतो आणि घोडं अडतं ते नावांवर. ऑक्टोबर 2023 पासून ही तिकिटं ज्याच्या त्याच्या नावावर निघतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहतात. आपल्याकडून मात्र मेसेज येतो, "मी, हे आणि सुनंदावन्सं." परत विचारलं की "सुनंदा दीक्षित." मग कळतं, पासपोर्टवर अजून माहेरचंच आडनाव आहे. तेच 'दीक्षित' कुणाच्या पासपोर्टवर 'एक्स' घालून असतं, तर आधार कार्डावर 'के-एस-एच' घालून. कुणाच्या पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नावही जोडलेलं असतं. या फोनाफोनीत दिवस जातो आणि सकाळी साडेनऊची वेळ जाऊन भर उन्हातली दुपार पदरात पडते.

म्हणून कृपया नाव टाइप करून पाठवू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा, चारही कोपरे दिसतील असा स्पष्ट फोटो पाठवा. काहींना ही कटकट वाटते, काहींना कागद द्यायची धास्ती वाटते. तिकिटं निघाली की आम्ही ते फोटो डिलीट करतो. "माझे गुडघे दुखतायत, माझ्या जागी जाऊबाई जातील" असं आयत्या वेळी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्या दिवशी मूळ पासपोर्ट अंगावर हवा. मोबाइलमधल्या फोटोवर भागेल, या भरवशावर राहू नका. खिसेकापूंची भीती खोटी नाही. टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस त्यासाठी प्रसिद्धच आहे. पण त्यावर उपाय कपड्याच्या आतला पाऊच, हॉटेलची तिजोरी नव्हे.

दुसरा हट्ट असतो कलोसियम आणि व्हॅटिकन एकाच दिवशी उरकण्याचा. आम्ही तसं करत नाही. कलोसियमच्या तिकिटातच फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि शेजारची पॅलाटाइन टेकडी येते, ती सोडून येणं म्हणजे पैसे वाया. व्हॅटिकन म्युझियमची चाल लांबलचक आहे आणि सिस्टीन चॅपल हे पोपचं प्रार्थनागृह शेवटाकडे येतं. थकलेला माणूस चित्रकार राफाएलच्या दालनांतून मान खाली घालून निघून जातो आणि मायकेलँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं रंगवलेल्या चॅपलच्या छताखाली बसायला बाक शोधतो. तिथे फोटो काढायला बंदी आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी म्युझियम फुकट असतं हे खरं, पण ती गर्दी तुमच्या शत्रूलाही नको. बाकीच्या रविवारी बंद.

पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराला जुलै 2023 पासून तिकीट लागतं. शेजारचे फुकट बघून आले असतील तर ते आधी गेले असतील. पाऊस असला तर नक्की जा. घुमटाच्या मधोमध असलेल्या उघड्या गोलातून पाणी सरळ आत पडतं आणि फरशीतल्या भोकांतून निघून जातं.

तिथून दोन-तीन मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे, प्रवेश मोफत. मोठ्या टूरच्या बस इकडे फिरकत नाहीत, आम्ही आवर्जून नेतो. डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रं अंधारात असतात. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि एका चित्रात उजवीकडून आलेल्या तिरक्या उजेडात टेबलापाशी पैसे मोजत बसलेली माणसं दिसतात. थोड्या वेळात दिवा विझतो. युरोची सुट्टी नाणी जवळ ठेवा, दुसऱ्याच्या नाण्यावर बघणारे तिथे खूप असतात! दुपारी चर्च बंद असतं.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पिण्याचं पाणी रस्त्यावरच्या नळांना चांगलं येतं, बाटली घेऊन चला. शाकाहारींनी काचो ए पेपे मागवावं: पास्ता, चीज, मिरी, बस्स.

बोर्गेझे गॅलरी आमच्या दरात धरलेली नाही. तिथे दोन तासांची ठरावीक वेळ आधीच घ्यावी लागते आणि सोमवारी ती बंद असते. बेर्निनीची शिल्पं पाहायची असतील तर पासपोर्टचा फोटो पाठवतानाच तसं लिहा, म्हणजे मोकळ्या दुपारी बसवता येईल.