निफाडची द्राक्षं आणि मानवी भूगोलातला जुना वाद

बारावीच्या भूगोलात लोकसंख्या, मानवी वस्ती, आर्थिक क्रिया असे पाठ येतात आणि मुलांना वाटतं की खरा भूगोल संपला, आता नुसत्या व्याख्या पाठ करायच्या. मुलांना दोष देता येत नाही. या पाठांच्या मागे, माणसाचं जगणं निसर्ग ठरवतो की माणूस, असा दीडशे वर्षांचा एक वाद आहे आणि तो वर्गात दोन-चार गुणांच्या टिपेत उरकला जातो. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना तर तो वाद घराबाहेर पडून पाहता येईल.

आधुनिक भूगोलाचा पाया घालणारे हम्बोल्ट आणि रिटर हे दोघे जर्मन अभ्यासक १८५९ मध्ये वारले. त्यानंतरच्या पिढीतल्या फ्रेडरिक रॅट्झेल यांनी १८८२ मध्ये मानवी भूगोलावरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. माणसाचं जगणं जमीन आणि हवामान घडवतं, हा त्यातला मुख्य सूर. त्यांच्या अमेरिकन शिष्या एलन सेंपल यांनी १९११ मध्ये तो आणखी ताणला. हाच निसर्गवाद. उष्ण प्रदेशातली माणसं मुळातच आळशी, असली विधानं त्याच्या आधाराने बिनदिक्कत केली गेली आणि ती साम्राज्यांच्या सोयीची ठरली. हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं.

फ्रान्समध्ये पॉल व्हिदाल द ला ब्लाश यांनी वेगळी मांडणी केली. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, त्यातून निवड माणूस करतो. या विचाराला पुढे संभववाद म्हणू लागले. ‘थांबा आणि जा’, म्हणजे दिशा निसर्गाची आणि वेग माणसाचा, असं म्हणणारे ग्रिफिथ टेलर नंतरचे. त्यांनी दोन्ही टोकांच्या मधली वाट काढली.

आता जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवल्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. पश्चिमेला भात आणि नागली, पूर्वेला बाजरी. इथवर निसर्गवाद्यांचंच बरोबर वाटतं.

पण निफाडला या. काळी जमीन आणि कडाक्याची थंडी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तरीही द्राक्षबागांचा पसारा वाढला तो विसाव्या शतकात. विहिरी झाल्या, पाटाचं पाणी आलं, पुढे ठिबक आलं, मुंबईची बाजारपेठ रेल्वेने आणि महामार्गाने जवळ आली. शिवाय बागेतली कात्री आहेच. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षात एकदाच छाटली जाते. आपल्या हवेत ती झोपत नाही. म्हणून इथला बागायतदार एप्रिलमध्ये नव्या फुटीसाठी खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो आणि माल उन्हाळ्याच्या तोंडावरच्या कोरड्या दिवसांत काढायला आणतो. वेलीचं वर्षच माणसाने फिरवून घेतलं आहे. संभववादाचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. निसर्ग मात्र गप्प बसत नाही. अवकाळी पावसाने मणी तडकतात, पारा फार उतरला की रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

विषय पुढेही सरकत राहिला. १९३३ मध्ये वाल्टर क्रिस्टालर यांनी खेडी, बाजारगावं आणि शहरं यांची उतरंड का लागते याचा सिद्धांत मांडला. लासलगावच्या कांदा बाजारात कुठकुठल्या गावांचे ट्रॅक्टर येतात ते एक दिवस टिपून घेतलं, तर तो सिद्धांत कुठे जुळतो आणि कुठे तुटतो हे मुलांना स्वतःच कळेल. १९५३ मध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी नवी गोष्ट एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे कशी पसरते याचा अभ्यास मांडला. ठिबकला तो जसाच्या तसा लावून पाहता येतो.

१९७०च्या दशकात डेव्हिड हार्वी यांच्यासारख्या भूगोलतज्ज्ञांनी मोठा पेच टाकला. वस्तू कुठे आणि का आहे एवढं पुरेसं नाही. तिचा फायदा कुणाला आणि झळ कुणाला, हेही विचारा. गंगापूर आणि दारणा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक आणि मराठवाड्यात जो तणाव होतो, तो याच प्रश्नाचा.

दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेट आहे आणि तिची प्रश्नावली मुलांनीच तयार करायची असते. ती घेऊन छाटणीच्या दिवसांत एखाद्या बागेत जावं आणि मजुरांना गाव विचारावं. पेठ आणि सुरगाण्याची नावं हटकून येतील. म्हणजे धो-धो पावसाच्या तालुक्यांतून माणसं कमी पावसाच्या तालुक्यात मजुरीला येतात. सुरगाण्याचा पाऊस उतारावरून नार-पारसारख्या नद्यांतून गुजरातकडे वाहून जातो, खालचा कातळ पाणी धरत नाही आणि होळीनंतर तिथल्या पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. पावसाच्या नकाशावर मजुरांच्या वाटा काढायला सांगितल्या, तर बाण उलटे निघतात. ते उलटे का, याचं उत्तर निम्मं खडकात आणि उतारात सापडेल. उरलेलं धरणं, पाट आणि पैसा कुठे गेला, यात.