वकिली व्यवसायाची ऑनलाइन ओळख (नाशिक जिल्हा)

वकिलाने आपले नाव, पत्ता, सनद (वकिलीचा परवाना) आणि कामाचे क्षेत्र इंटरनेटवर लोकांना सापडेल असे ठेवणे, तसेच लेख, व्हिडिओ किंवा संदेशांतून कायद्याची सर्वसाधारण माहिती देणे, याला वकिली व्यवसायाची ऑनलाइन ओळख म्हणता येईल. बार रूममध्ये याला सरसकट 'मार्केटिंग' म्हणतात. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. भारतात वकिलाला जाहिरात करण्यास आणि काम मागत फिरण्यास मनाई आहे. त्यामुळे दुकानदाराला किंवा बिल्डरला जे सल्ले दिले जातात, त्यांतले निम्मेअधिक वकिलाच्या सनदेवर बेततील असे असतात.

नाशिकमध्ये या विषयाला वेगळे वजन आहे. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. सुरगाणा, पेठ किंवा बागलाणमधल्या पक्षकाराला सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयापर्यंत यायचे तर अख्खा दिवस मोडतो. महसुली वादाची वरची पायरी म्हणजे विभागीय आयुक्तालय, ते नाशिकरोडला. सातपूर-अंबडच्या कामगाराला औद्योगिक न्यायालयाचे काम असते, निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याचे. पूर्वी ही माणसे गावातल्या ओळखीने वकील गाठत. आता ओळखीतून नाव कळले तरी एसटीत बसण्याआधी ते मोबाइलवर शोधले जाते. तिथे काहीच सापडले नाही, किंवा चार वर्षांपूर्वी बंद झालेला क्रमांक सापडला, तर माणूस दुसरीकडे वळतो.

नियम ३६

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांचे नियमन करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने, केलेल्या नियमांतला ३६ वा नियम हा या विषयाचा कणा आहे. पत्रके, जाहिराती, दलाल, वैयक्तिक संपर्क, ओळखीपाळखीशिवाय घेतलेल्या भेटी, वर्तमानपत्रांत छापून आणलेला मजकूर, आपण चालवत असलेल्या प्रकरणाच्या संदर्भात प्रसिद्ध केलेली छायाचित्रे, यांपैकी कोणत्याही मार्गाने, थेट किंवा आडून, काम मिळवू नये असे तो सांगतो. नावाची पाटी माफक आकाराची असावी. पाटीवर किंवा लेटरहेडवर बार कौन्सिलचे वा संघटनेचे पद, माजी न्यायाधीश असल्याचा उल्लेख किंवा अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य असल्याचा दावा नसावा.

२००८ मध्ये या नियमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, जोडले गेले. त्यानुसार वकिलाला संकेतस्थळावर ठरावीक माहिती देता येते : नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल, सनद क्रमांक, नोंदणीची तारीख, मूळची आणि सध्याची राज्य बार कौन्सिल आणि वकील संघाचे सदस्यत्व, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, आणि कामाचे क्षेत्र, म्हणजे दिवाणी, फौजदारी, कर, कामगार वगैरे. माहिती खरी असल्याचे निवेदनही सोबत लागते.

मनाईमागचे कारण जुने आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या दाभोळकर प्रकरणात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात पक्षकारांवर झडप घालून कामे ओढणाऱ्या वकिलांचा प्रश्न होता. आज तीच ओढाताण फोनच्या पडद्यावर होते. मद्रास उच्च न्यायालयाने ३ जुलै २०२४ रोजी सेवा पुरवणाऱ्यांची यादी चालवणाऱ्या संकेतस्थळांमार्फत काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाईचे निर्देश दिले. १७ मार्च २०२५ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांवरच्या जाहिरातवजा व्हिडिओंबद्दल आणि इन्फ्लुएन्सरांकरवी होणाऱ्या प्रचाराबद्दल कडक पत्रक काढले. नाशिकला २०२६-२७ च्या सिंहस्थाचे वेध लागलेले असताना 'भाविकांचे हार्दिक स्वागत' म्हणत फोटो, पदवी आणि मोबाइल क्रमांकासह फ्लेक्स लावायचा मोह होईल. तोच फ्लेक्स फेसबुकवर टाकला तरी ती जाहिरातच ठरते.

परिचयाचा मजकूर

सगळ्यात जास्त चुका दोन ओळींच्या परिचयात होतात. नेहमी दिसणारा नमुना असा : 'नाशिकमधील नं. १ घटस्फोट तज्ज्ञ, १००% जामीन, पहिला सल्ला मोफत, आजच कॉल करा.' यात चार दोष आहेत. 'नं. १' ही तुलना आहे. 'तज्ज्ञ' हा प्रावीण्याचा दावा आहे. जामिनाची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि ज्याला जामीन मिळणार नाही तोच पक्षकार पुढे हा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडतो. 'मोफत, आजच कॉल करा' हे उघड काम मागणे आहे. हाच मजकूर असा लिहिता येतो : 'ॲड. (नाव), बी.ए., एलएल.बी. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, सनद क्रमांक व वर्ष. कार्यक्षेत्र : कौटुंबिक आणि फौजदारी. कार्यालय : (पत्ता). भेटीची वेळ : सायंकाळी ६ ते ८.' दुसरा मजकूर कोरडा वाटतो, पण पक्षकाराला जे हवे ते सगळे त्यात आहे. संध्याकाळची वेळ तर हवीच, कारण दिवसा वकील कोर्टात असतो आणि फोन उचलत नाही.

छायाचित्राबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड आणि गाऊन घालू नये, असा बार कौन्सिलचाच स्वतंत्र नियम आहे. ठरवून दिलेले समारंभ तेवढे अपवाद. गोदाघाटावर गाऊन घालून काढलेले रील या एका कारणानेही अडचणीचे ठरते. साध्या शर्टातला, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो पुरतो.

संकेतस्थळ आणि मराठी मजकूर

चार-पाच पानांचे साधे संकेतस्थळ पुरेसे आहे : परिचय, कार्यक्षेत्र, लेख, संपर्क. खरी अडचण अक्षरांची असते. कोर्टाचे मराठी मसुदे वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होत आले आहेत. तो मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. मग टायपिस्ट त्याचा फोटो काढून टाकतो. फोटो माणसाला वाचता येतो, पण आतली अक्षरे शोधयंत्राला वाचता येतील यावर भिस्त ठेवता येत नाही, आणि वाचणाऱ्याला त्यातली ओळ उचलताही येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत हवा. जुना मसुदा कन्व्हर्टरमधून काढला तर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हाताने तपासावी लागते. 'अर्जदार' चा 'अजर्दार' होतो तो इथेच.

विषय निवडताना कलमांची नावे बाजूला ठेवून लोक काय शोधतात ते पाहावे. कोणी 'उत्तराधिकार' असे टाइप करत नाही. 'वडील वारले सातबाऱ्यावर नाव लावणे' असे करतो. 'बहिणीचे हक्कसोडपत्र', 'फेरफार रद्द कसा करायचा', 'बांध कोरला', 'चेक बाऊन्स नोटीस' हे जिल्ह्यातले रोजचे प्रश्न आहेत. चांगला लेख एकच प्रश्न घेतो आणि मुदती अचूक देतो. धनादेश न वटल्याचा लेख असेल तर त्यात हे हवेच : बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास तक्रारीचे कारण, आणि तिथून एका महिन्यात फिर्याद. बागायतदार बहुतेक वेळा 'देतो देतो' वर विश्वास ठेवून पहिले ३० दिवस घालवतो. एवढे त्याला वेळेत कळले तरी त्या लेखाचे काम झाले.

लेखाखाली तारीख टाकणे ही सवय नसून गरज आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. फसवणुकीचे ४२० आता ३१८(४) झाले, विवाहितेच्या छळाच्या ४९८अ चे ८५, अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२. तरीही आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, म्हणून जुना लेख पुसण्यापेक्षा वर एक ओळ जोडून दोन्ही कलमे द्यावीत. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेख लिहून घेणारे आता वाढले आहेत. ती साधने अस्तित्वात नसलेले निवाडे ठामपणे देतात. प्रत्येक निवाडा मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय वकिलाच्या नावाखाली जाऊ नये.

गुगलचा नकाशा

गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये नाव लिहिण्याच्या जागी 'ॲड. अमुक, बेस्ट लॉयर कॉलेज रोड' असे शब्द भरण्याची चाल आहे. गुगलच्या नियमांनुसार तिथे फक्त खरे नाव चालते, आणि शब्द कोंबल्याबद्दल प्रोफाइल स्थगित होऊ शकते. नियम ३६ चा भंग होतो तो वेगळाच. पिन कोर्टाच्या आवारावर न ठेवता, सांगितलेल्या वेळेत जिथे माणूस भेटेल त्या कार्यालयावर ठेवावी. पडताळणीसाठी गुगल अनेकदा व्हिडिओ मागते. त्यात रस्ता, इमारत, दारावरची पाटी आणि कुलूप उघडून आत जाणे सलग दिसावे लागते. पाटीवरचे नाव आणि प्रोफाइलवरचे नाव जुळले नाही तर ती नाकारली जाते.

अभिप्रायांच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्यात. पैसे किंवा फीमध्ये सूट देऊन अभिप्राय घेऊ नयेत. विरुद्ध पक्षाच्या माणसाने, किंवा हरलेल्या पक्षकाराने, एक तारा देऊन वाईट लिहिले तर 'तुम्ही फी दिली नव्हती, तारखेला आला नाहीत' असे उत्तर देऊ नये. रागाच्या भरात लिहिलेल्या त्या एका ओळीत पक्षकाराची गोपनीय माहिती जगजाहीर होते. 'कार्यालयात येऊन बोलावे' एवढेच पुरे.

व्हॉट्सॲप

जिल्ह्यात प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम व्हॉट्सॲपवर चालते. व्यवसायासाठी वेगळा क्रमांक आणि व्हॉट्सॲप बिझनेस वापरणे बरे. घरच्या क्रमांकावर पक्षकारांची कागदपत्रे आणि नातेवाइकांचे शुभप्रभात एकत्र येऊ नयेत. ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. अनोळखी गटांत घुसून कार्ड टाकणे हे सरळ काम मागणे आहे. कॅटलॉगमध्ये 'नोटीस इतके रुपये, जामीन इतके रुपये' असा दरफलक लावणेही टाळावे.

आपोआप जाणारे उत्तर काळजीपूर्वक लिहावे. रात्री दहाला कोणी धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो पाठवतो, त्याला 'आपले काम नोंदवले आहे' असे उत्तर जाते, तो निर्धास्त झोपतो आणि दोन दिवसांनी मुदत संपते. उत्तरात स्पष्ट असावे : 'संदेश मिळाला. वकीलपत्र होईपर्यंत प्रकरण स्वीकारलेले नाही. मुदतीचे काम असल्यास फोन करा.' तपशील ऐकण्याआधी विरुद्ध पक्षाचे नाव विचारून घ्यावे. नाहीतर जो उद्या आपल्यासमोर उभा राहणार, त्याचीच बाजू आपण व्हॉइस नोटमध्ये ऐकून बसतो.

व्हिडिओ

बागलाण, कळवण, मालेगाव भागात अहिराणीतून बोललेला तीन मिनिटांचा व्हिडिओ पुण्याच्या प्रमाण मराठीतल्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कामाचा ठरतो. विषय एक, मुदत एक, कोणत्या कचेरीत जायचे ते एक. मोबाइल स्टँडवर आडवा आणि आवाजासाठी कॉलरचा माइक असला की पुरते. लोक धूसर चित्र चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही. प्रतिक्रियांमध्ये माणसे गट क्रमांकासह भावाची तक्रार लिहितात. तिथे सल्ला देऊ नये, आणि गट क्रमांक किंवा नावे असलेली प्रतिक्रिया लपवावी.

गोपनीयता

निकाल लागल्यावर आदेशाचा फोटो टाकण्याची हौस महाग पडते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे पक्षकाराने सांगितलेले उघड करता येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मुळे त्याखालील कामकाज छापणे दंडनीय आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख (न्याय संहिता, कलम ७२) आणि बालकाची ओळख (बालन्याय कायदा, कलम ७४) उघड करणे हे गुन्हे आहेत. नावांवर काळी पट्टी ओढून वर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तसाच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. तो सोळा अक्षरांकांचा क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की बहुतेक प्रकरणांत पक्षकारांची नावे आणि पुढची तारीख क्षणात समोर येते.

दलाली आणि तक्रार

'महिन्याला इतक्या केसेस मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजन्सीला प्रत्येक पक्षकारामागे टक्केवारी देणे म्हणजे वकील नसलेल्याशी फी वाटून घेणे, आणि त्याला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. संकेतस्थळ बांधणाऱ्याला त्याच्या कामाचे ठरावीक पैसे देणे यात मोडत नाही. मात्र डोमेन आणि खात्यांचे पासवर्ड वकिलाच्याच नावे घ्यावेत, आणि एजन्सीने टाकलेल्या प्रत्येक मजकुराची जबाबदारी वकिलाची असते हे करारात लिहून मंजुरीशिवाय काहीही प्रसिद्ध न करण्याची अट घालावी.

तक्रार राज्य बार कौन्सिलकडे होते. प्रथमदर्शनी तथ्य वाटले तर ती ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली शिस्तपालन समितीकडे जाते. समिती ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव वकिलांच्या पटावरून काढू शकते. त्याविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे तितक्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. पोस्ट काढून टाकली तरी तक्रारदाराकडचा स्क्रीनशॉट राहतो. त्यामुळे आपण काय, कधी टाकले आणि कधी काढले, याची नोंद वकिलाने स्वतःकडेही ठेवावी.